धक्के कुणी सोसायचे?

वस्तू व सेवा कर परिषदेची ५६ वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ रोजी झाली. मोटारी आणि दुचाकी किती स्वस्त होणार, याच्या हिशेबांनी त्यानंतरचे काही दिवस वर्तमानपत्रांची पाने भरून गेली. त्याच बैठकीत वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आकारण्याचा निर्णय झाला होता, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. २२ सप्टेंबरपासून तो निर्णय अमलात आला आणि तोवर २८ टक्क्यांच्या गटात असलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर १८ टक्क्यांत आला. दिवाळीत नवी मोटार घेणाऱ्याच्या लेखी या बदलाला काहीच किंमत नव्हती. टोमॅटो, दूध, बर्फ, सिमेंट किंवा लग्नाच्या मांडवाचे सामान वाहणाऱ्या पिकअपच्या मालकाला मात्र त्याचे मोल नेमके कळते. कारण गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात, तो भाग त्याला पुन:पुन्हा विकत घ्यावा लागतो.

प्रश्न असा आहे, की कर घटल्यामुळे हा मालक आता चांगला शॉकअप घेईल का? आणि चांगला म्हणजे नेमका कोणता, हे त्याला सांगणार कोण? वरवर पाहता हा गॅरेजच्या दारात मिटणारा खासगी मामला वाटतो. प्रत्यक्षात वाहतुकीचे अर्थकारण, बनावट मालाची बाजारपेठ आणि रस्त्यावरील सर्वांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्या एका खरेदीत गुंतलेल्या आहेत.

भार पेलतो कोण?

शॉकअपविषयीचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे तो गाडीचा भार पेलतो. ‘हेवी’ शॉकअप बसवला की गाडी जास्त माल उचलेल, असे अनेक मालक मानतात आणि काही दुकानदारही तसेच सांगून माल खपवतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. पिकअपच्या मागच्या बाजूचा भार पोलादी पाटे पेलतात. खड्डा आला की पाटे दबतात, धक्क्याची ऊर्जा साठवतात आणि लगेच परत फेकतात. त्यांना अडवणारे काही नसेल, तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ खालीवर होत राहील. ही उसळी आवरणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या वरखाली होताना ते तेल बारीक झडपांतून जाते आणि उसळीच्या ऊर्जेचे रूपांतर उष्णतेत होते. लांबचा खराब रस्ता संपल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो, तो याचमुळे.

म्हणजेच शॉकअप मजबूत केल्याने गाडीची वाहनक्षमता एका किलोनेही वाढत नाही. तो निकामी झाला, तर मात्र चाक रस्त्यावर टेकून राहत नाही. आणि चाक हवेत असताना ब्रेक, सुकाणू, टायर यांपैकी कशाचाच उपयोग नसतो. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते, वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो, टायर जागोजागी वाटीसारखा झिजतो. ‘गाडी टायर खाते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मालकाला चाकांचे संतुलन करून परत पाठवले जाते, तेव्हा मूळ दुखणे पुष्कळदा शॉकअपमध्येच असते.

देशात २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मरण पावली, अशी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. यांतील किती अपघातांमागे झिजलेले शॉकअप होते, हे त्या आकड्यांतून समजत नाही. अपघातानंतर पंचनामा होतो तो चालकाच्या वेगाचा आणि वाहनांच्या अवस्थेचा. नळीतून कधीच गळून गेलेल्या तेलाची नोंद सहसा कुठे होत नाही.

एकाच फेरीतील दोन गाड्या

जुन्नर तालुक्यातून टोमॅटोची कॅरेट भरून निघालेली पिकअप डोळ्यांपुढे आणावी. शेतातून बाहेर पडताना ती बैलगाडीच्या चाकोरीतून डुलत येते. मग नारायणगाव, आळेफाटा, माळशेज घाटाची वळणे, मुरबाड, कल्याण असा प्रवास करून पहाटे वाशीच्या बाजार समितीत पोहोचते. माल उतरला की रिकामी कॅरेट घेऊन तीच गाडी त्याच रस्त्याने परत निघते.

रिकामी असताना साधारण पावणेदोन टन वजनाची असणारी ही गाडी दीड-पावणेदोन टन माल घेऊन निघाली, की तिचे वजन जवळपास दुप्पट होते. मोटारीत पाच माणसे बसली, तरी तिचे वजन फार तर एक तृतीयांशाने वाढते. पिकअपचा शॉकअप निवडणे अवघड का, याचे उत्तर या फरकात आहे. जाताना भरलेली आणि येताना रिकामी अशा दोन वेगळ्या गाड्यांना एकाच शॉकअपने सांभाळायचे असते. भरलेल्या गाडीसाठी योग्य ठरणारा कडक शॉकअप रिकाम्या गाडीला खड्ड्यावरून उडवतो. चाक थडथडते आणि पकड सुटते. रिकाम्या गाडीला मानवणारा मऊ शॉकअप भरलेल्या गाडीच्या पाट्यांना आवरू शकत नाही.

त्यामुळे खरेदीला जाताना ‘सर्वात कडक कोणता?’ हा प्रश्न चुकीचा आहे. गाडी महिन्यातून किती दिवस पूर्ण भरलेली असते, किती अंतर रिकामी धावते, कच्चा रस्ता किती आणि महामार्ग किती, हा हिशेब आधी मांडावा लागतो. नुसत्या शहरात पाव भाराने फिरणाऱ्या गाडीसाठी कंपनीने मूळ दिलेल्या क्षमतेचाच शॉकअप पुरेसा असतो. रोज पूर्ण भार घेऊन घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीला उसळी परतताना अधिक आवर घालणारा शॉकअप लागतो, कारण दबलेले पाटे तेवढ्याच जोराने उलटतात.

रस्तेही आता एकसारखे राहिलेले नाहीत. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यानंतर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण वापरात आला. गावातल्या खडबडीत वाटेवर शॉकअप लांब लांब अंतर वरखाली होतो, तर काँक्रीटच्या महामार्गावर तो तासन्‌तास बारीक हालचाल करत राहतो. ज्याच्या झडपा दोन्ही प्रकारच्या हालचालींना प्रतिसाद देतात, तोच चांगला शॉकअप.

तेल, वायू आणि लांबी

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो तेलाचा की गॅसचा. खरे तर तेल दोन्हींत असते. साध्या शॉकअपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात आणि तेलाच्या वर थोडी हवा असते. सलग खराब रस्त्यावर ती हवा तेलात मिसळते, फेस होतो आणि फेस झालेले तेल झडपांतून अडथळ्याविना निघून जाते. मग शॉकअप असून नसल्यासारखा होतो. हे टाळण्यासाठी हवेच्या जागी नायट्रोजन वायू थोड्या दाबाने भरतात; बाजारात ‘गॅस शॉकअप’ म्हणून मिळतो तो बहुधा हाच. याहून वेगळी रचना एकनळीची. तीत उच्च दाबाचा वायू आणि तेल यांच्यामध्ये तरता दट्ट्या असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ख्रिस्तियाँ द कार्बों यांची ही कल्पना जर्मनीच्या बिलस्टीन कंपनीने १९५० च्या दशकात प्रत्यक्ष उत्पादनात आणली. एकनळी शॉकअपची उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते, त्यामुळे तो लवकर थकत नाही. मात्र तो महाग असतो आणि त्याच्या नळीला दगड लागून पोचा पडला, तर दट्ट्या तिथेच अडकतो. दुनळी शॉकअपमध्ये बाहेरची नळी चेपली तरी आतली काम करत राहते. खाणीच्या किंवा ओढ्याच्या वाटेने जाणाऱ्या गाडीसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट लांबीची. शॉकअप ‘बसला’ म्हणजे तो योग्य आहे असे नव्हे. पूर्ण मिटलेल्या अवस्थेत तो गाडीतील जागेपेक्षा लांब असेल, तर खोल खड्ड्यात रबरी स्टॉपरला धक्का बसण्याआधी शॉकअपलाच बसतो आणि त्याची दांडी वाकते. पूर्ण उघडल्यावर तो आखूड पडत असेल, तर चाक खाली गेले की सारा ताण शॉकअपच्या बिजागरीवर येऊन ती उखडते. ‘दुसऱ्या मॉडेलचा आहे, पण चालून जाईल’ हा गॅरेजमधला सल्ला म्हणूनच धोक्याचा.

तिसरी गोष्ट जोडीची. एकच शॉकअप गळाला म्हणून एकच बदलणे हे पैसे वाचवण्याचे नेहमीचे धोरण आहे. तसे केले की एक चाक आवरलेले आणि दुसरे मोकाट अशी गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते. बदलायचे तर एका धुऱ्यावरचे दोन्ही, आणि सोबत रबरी बुशही. पाश्चात्त्य देशांतील उत्पादक साधारण ८० हजार किलोमीटरनंतर शॉकअप बदलण्याचा सल्ला देतात. तो सल्ला तिकडच्या रस्त्यांसाठी आहे. येथील भारवाहू गाडीची तपासणी त्याच्या कितीतरी आधी आणि वारंवार व्हायला हवी. दांडीवर तेलाचा पातळ ओलसरपणा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. नळीवरून ओघळ आलेला असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

तीन डबे

एका पिकअपसाठी दुकानदार साधारणपणे तीन डबे समोर ठेवतो. पहिला गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचा. दुसरा, ज्या कारखान्याकडून गाडी कंपन्या शॉकअप घेतात, त्यानेच स्वतःच्या नावाने सुट्या बाजारात आणलेला. या क्षेत्रात महाराष्ट्र मागे नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचा जम छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये बसला. हा दुसरा डबा बहुतेक वेळा पहिल्याहून स्वस्त असतो आणि रोजच्या वापराच्या गाडीसाठी शहाणपणाची खरेदी बहुधा तीच ठरते. अट एकच, डब्यावरचा भाग क्रमांक गाडीच्या मॉडेलशी आणि भारक्षमतेशी जुळला पाहिजे. एकाच नावाच्या पिकअपचे वेगवेगळ्या भारक्षमतेचे प्रकार बाजारात आहेत आणि त्यांचे शॉकअप एकसारखेच असतील असे नाही.

तिसरा डबा अनामिक तरी असतो किंवा नामवंत छापाची हुबेहूब नक्कल तरी. वर रंग तोच, चिकटपट्टी तीच. आतल्या झडपा, दांडीवरचा क्रोमचा थर आणि तेलाची सील यांत मात्र हात आखडता घेतलेला. बसवल्यावर पहिले काही आठवडे तो उत्तम चालतो. मग सील जाते, तेल गळते आणि मालक पुन्हा दुकानात येतो. टायर आणि हेल्मेट घेताना आयएसआय चिन्ह पाहण्याची सवय ग्राहकाला लागली आहे. शॉकअप घेताना तो डब्यावरचा छाप आणि मेकॅनिकचा चेहरा एवढेच पाहतो. त्यातही खरेदी बहुधा मालकाच्या पैशाने पण मेकॅनिकच्या निवडीने होते, आणि कोणत्या डब्यावर मेकॅनिकला किती सुटतात, हे मालकाला ठाऊक नसते.

करकपातीचे खरे महत्त्व इथे आहे. भाड्याने माल वाहणारे बहुसंख्य छोटे गाडीमालक वस्तू व सेवा कराच्या नोंदणीबाहेर आहेत. त्यांना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सुट्या भागावरचा प्रत्येक रुपया त्यांच्या खिशातून जातो. समजा, एका शॉकअपची मूळ किंमत दोन हजार रुपये आहे. जुन्या दराने तो २,५६० रुपयांना पडे, नव्या दराने २,३६० ला. चार शॉकअपमागे ८०० रुपये वाचले. बिलाविना विकल्या जाणाऱ्या नकली मालाने कर कधीच भरला नव्हता. त्यामुळे खऱ्या आणि खोट्या डब्यांतील अंतर या निर्णयाने काहीसे कमी केले. परंतु तो लाभ ग्राहकापर्यंत पोहोचला, तरच. पक्के बिल मागण्याची सवय नसलेल्या बाजारात कर घटल्याची बातमी दुकानदाराला आधी कळते आणि ग्राहकाला सर्वात शेवटी.

पाट्यांची भर

बनावट मालाइतकेच मोठे दुखणे आहे ते वाढीव भाराचे. भाड्याचे दर फेरीवर ठरतात, डिझेल आणि हप्ता चुकत नाही, तेव्हा फेरीत चार कॅरेट जास्त घेणे हा एकच मार्ग मालकाला दिसतो. गाडी मागे बसू लागली की तो गॅरेजमध्ये जाऊन जादा पाटे बसवून घेतो आणि त्यासोबत ‘हेवी’ शॉकअप. भार वाढवण्याची ही देशी युक्ती सर्वत्र राजरोस चालते.

तिचा एक परिणाम मात्र क्वचितच कुणी लक्षात घेतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा, हे ठरवणारी एक झडप असते. चासी आणि मागचा धुरा यांतील अंतरावरून ती गाडीतील भार ओळखते. अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, म्हणून मागच्या ब्रेकला जास्त दाब. अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, म्हणून कमी. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही उंच राहते. झडपेला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणजे गाडीत माल नेहमीपेक्षा जास्त आणि ब्रेक नेहमीपेक्षा कमी. हे गणित माळशेजच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर कसे सुटेल, हे सांगण्याची गरज नाही. झडप नव्याने जुळवून घेतली नाही, तर कितीही महागडा शॉकअप त्यावरचा उतारा होऊ शकत नाही.

शहरातील हौशी पिकअपवाल्यांची गोष्ट निराळी, पण चूक तीच. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात आल्यापासून ऑस्ट्रेलियन बनावटीचे शॉकअप आणि उंची वाढवणारे संच बसवण्याची हौस वाढली. ऑस्ट्रेलियातील पिकअप बहुधा पुढे लोखंडी बंपर, मागे अवजारांची पेटी आणि पाण्याच्या टाक्या घेऊन कायम भारलेली असते. तिथले जड संच त्या भारासाठी जुळवलेले असतात. पुण्याहून शनिवारी लोणावळ्याला जाणाऱ्या रिकाम्या गाडीला तेच बसवले, की लाखभर रुपये खर्चून मालक मूळच्यापेक्षा अधिक हादरणारी गाडी विकत घेतो.

कायदा कुठे उभा आहे?

कायद्याने या साऱ्याची दखल घेतलेली नाही असे नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मर्यादेपेक्षा जास्त भार वाहिल्यास २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद केली. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विपरीत बदल वाहनात करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच प्रतीचा नवा बसवणे ही दुरुस्ती. गाडीची उंची आणि भाराची रचना बदलणे हा फेरफार. या सीमेपलीकडे गेलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला वाव मिळतो.

नकली मालासाठीही तरतूद आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोटे चिन्ह लावून माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण या कायद्याखाली झडती घेण्यापूर्वी पोलिसांना व्यापारचिन्ह निबंधकांचे मत घ्यावे लागते आणि कारवाई उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते. तोवर गोदामातला माल जागेवर राहील, याची हमी कोण देणार? वाहन योग्यता तपासणीचेही तसेच. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी प्रमाणपत्र घ्यावे लागते. नकली शॉकअपचे आयुष्य याहून कितीतरी कमी असते.

अशा स्थितीत दंडाची रक्कम वाढवून किंवा कर आणखी घटवून फार काही साधेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. भाड्याच्या दरात अधिकृत भारावर फेरी परवडेल एवढी वाढ झाली पाहिजे. त्याचा काही वाटा बाजारात भाजी घेणाऱ्या शहरी ग्राहकालाही उचलावा लागेल. उत्पादकांनी भारक्षमतेनुसार योग्य भाग कोणता, याचे तक्ते मराठीत दुकानाच्या भिंतीवर लावले पाहिजेत. वाहतूकदारांच्या संघटनांनी खात्रीचा माल एकत्र खरेदी करून सभासदांना दिला, तर मेकॅनिकच्या दलालीचा प्रश्नही सुटू शकेल.

तोपर्यंत योग्य शॉकअपची निवड गाडीमालकाच्या एका प्रामाणिक उत्तरावर अवलंबून राहील. गाडीत खरोखर किती माल भरला जातो, हा तो प्रश्न. आरटीओला सांगायचे उत्तर आणि मेकॅनिकला सांगायचे उत्तर वेगळे असेल, तोवर दुकानातला कोणताही डबा बरोबर ठरणार नाही. आणि त्या फरकाचे धक्के गाडीपुरते राहत नाहीत. घाटात पुढून येणाऱ्या वाहनालाही ते बसतात.